जँगोचं ‘पोल्स’ करताना अडलात, तर मदत कशी मागायची

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या एक ताई घरी बसून पायथॉन शिकल्या आणि गेले दोन महिने जँगोचा (पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायच्या तयार सांगाड्याचा) अधिकृत धडा-नमुना, म्हणजे ‘पोल्स’ नावाचं मतचाचणीचं ॲप, पायरी पायरीने करत आहेत. तीन भाग नीट झाले. चौथ्यात मत देण्याचं बटण दाबलं की पिवळ्या पट्टीचं एररचं पान येतं. शिवाय ॲडमिनमध्ये, म्हणजे माहिती भरायला जँगो जे तयार पान देतं त्यात, वेळ साडेपाच तास मागे दिसते. एररच्या पानाचा फोटो त्यांनी सोबत दिलाय. तीन ठिकाणी विचारलं. दोन ठिकाणी कुणी काही बोललंच नाही, तिसऱ्या ठिकाणी एकाने ‘डॉक्युमेंटेशन वाचा’ एवढंच लिहिलं. त्या विचारतात: माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून असं होतं का? ओळखीचं कुणी नसताना मदत मिळवायची तरी कशी?

ताई, आधी तुमचा एरर सोडवू, मग बाकीचं बोलू.

तुमच्या फोटोत शेवटची ओळ अर्धवट वाचता येते. ‘व्होट’ फंक्शनला ‘पीके’ नावाची अनपेक्षित गोष्ट मिळाली, अशी ती टाइपएररची तक्रार आहे. चौथ्या भागाच्या शेवटी आपण हाताने लिहिलेली काही फंक्शन काढून जेनेरिक व्ह्यू, म्हणजे पान दाखवायचा जँगोतला तयार कोड, टाकतो. त्यातला डिटेलव्ह्यू पानाच्या पत्त्यातला क्रमांक ‘पीके’ (प्रायमरी की, म्हणजे नोंदीचा क्रमांक) या नावाने शोधतो, म्हणून पत्त्यांच्या, म्हणजे यूआरएलच्या, फाइलमध्ये ‘क्वेश्चन_आयडी’च्या जागी ‘पीके’ लिहायचं असतं. पण हा बदल दोनच ओळींत करायचा, डिटेल आणि रिझल्ट्सच्या. मतदानाची ओळ आहे तशी ठेवायची, कारण ‘व्होट’ हे अजूनही आपलं साधं फंक्शन आहे आणि ते क्रमांक ‘क्वेश्चन_आयडी’ याच नावाने मागतं. तुम्ही तिन्ही ओळी बदलल्यात. तिसरी पूर्ववत करा, बटण चालेल.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. तुमच्या फोटोत यूआरएलची फाइल नव्हतीच. तरी कुठल्या ओळीत काय झालंय ते मला कळलं, कारण पोल्स मला पाठ आहे. मलाच कशाला, जँगोवर काम करणाऱ्या बहुतेकांनी ते कधी ना कधी केलेलं असतं. ‘क्वेश्चन’ आणि ‘चॉइस’ ही दोन मॉडेल (डेटाबेसमधल्या तक्त्यांची कोडमधली रूपं), त्यातलं ‘पब_डेट’, मतं मोजणारं ‘व्होट्स’, हे सगळं ब्राझीलमधल्या माणसालाही माहीत आणि पोलंडमधल्यालाही. तुम्ही स्वतःचं ॲप घेऊन गेलात तर समोरच्याला आधी तुमचं ॲप समजून घ्यावं लागतं. पोल्स घेऊन गेलात तर फक्त एवढंच सांगावं लागतं, की मूळ नमुन्यापासून तुम्ही कुठे वेगळ्या गेलात. मदत मागण्याचं निम्मं काम नमुन्याने करून ठेवलेलं असतं. बहुतेक नवशिके हे न वापरताच सोडून देतात, याचं मला वाईट वाटतं.

हे मला कुणी शिकवलं ते सांगतो. 2009 साली मी पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. जँगो 1.0 येऊन वर्षही झालं नव्हतं. ॲडमिनमध्ये माझी मॉडेल नोंदवायला गेलो की ‘साइट’ नावाचं काही सापडतच नाही असा एरर यायचा. आयआरसी या जुन्या चॅटवर जँगोच्या चॅनेलमध्ये गेलो आणि माझ्या प्रकल्पाच्या तीनेकशे ओळी चिकटवून दुवा दिला. वीस मिनिटं कुणी बोललं नाही. मग एकाने एकच विचारलं: ‘तुझ्या मशिनवर पोल्स चालतंय का?’ मला राग आला. मी कामाचा प्रकल्प घेऊन आलोय आणि हा मला पहिलीचं पुस्तक दाखवतोय, असं वाटलं. तरी केलं. पोल्ससुद्धा त्याच जागी पडलं! म्हणजे माझ्या तीनशे ओळींचा काही संबंधच नव्हता. मशिनवर जुनी 0.96 आवृत्ती आधीपासून बसलेली होती आणि चालत होती तीच. वाचत मात्र मी 1.0 चं डॉक्युमेंटेशन होतो. 1.0 मध्ये ॲडमिनची मांडणी पूर्ण बदलली होती. दोन दिवसांचा घोळ त्या एका प्रश्नाने सुटला. त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही.

तेव्हापासून कुणीही काहीही विचारलं की माझा पहिला प्रश्न तोच असतो. कोरं पोल्सही पडत असेल तर दोष मशिनमध्ये, इन्स्टॉलेशनमध्ये किंवा आवृत्तीत आहे. पोल्स चालत असेल आणि तुमचं ॲप पडत असेल तर दोष तुमच्या बदलात आहे. डॉक्टर जसं आधी ताप बघतात, तसं हे आहे. म्हणून पोल्सची एक कोरी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. प्रयोग दुसऱ्या प्रतीत करा. गिट (कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारं साधन) येत असेल तर प्रत्येक भाग संपला की एक कमिट, म्हणजे नोंद, करा, नावही साधं द्या, ‘भाग 3 पूर्ण’ असं. मग चौथ्या भागात बिघडलं की शेवटच्या चालू अवस्थेपासून नेमकं काय बदललं ते गिटच दाखवेल. तुमच्या बाबतीत त्याने चौथ्या भागात बदललेल्या ओळीच दाखवल्या असत्या आणि मतदानाची ओळ त्यातच असती.

आवृत्तीचा मुद्दा मी पुन्हा पुन्हा काढतो, कारण नवशिक्यांच्या निम्म्या अडचणी मला तिथेच सापडतात. जँगोचा हा नमुना एकच नाही, प्रत्येक आवृत्तीचा वेगळा आहे. डिसेंबर 2017 मध्ये 2.0 आलं, तेव्हा पत्ते लिहायची ‘पाथ’ ही सोपी पद्धत आली आणि दोन मॉडेल जोडणाऱ्या ‘फॉरेनकी’ला ‘ऑन_डिलीट’ (जोडलेली नोंद काढली तर काय करायचं ते) देणं सक्तीचं झालं. त्याआधीचं ‘यूआरएल’ हे फंक्शन 4.0 मध्ये काढूनच टाकलं. म्हणजे कुणी 2016 चा व्हिडिओ बघत आजचं जँगो चालवत असेल, तर ते फंक्शन आयात होत नाही असा एरर येणारच. त्यात शिकणाऱ्याची काही चूक नाही. उलटही होतं. एप्रिल 2025 मध्ये आलेल्या 5.2 पासून जँगोचा शेल (कोड ओळीओळीने चालवून बघायची खिडकी) तुमची मॉडेल स्वतःच आयात करतो, त्यामुळे जुन्या धड्यातल्या आयातीच्या ओळी आता लागतच नाहीत आणि मुलं विचारतात की ‘न लिहिताही चालतंय, काही चुकलंय का?’ तेव्हा टर्मिनलमध्ये जँगोची आवृत्ती आधी बघा आणि डॉक्युमेंटेशनच्या पानावर तीच निवडा. आणि प्रश्न विचारताना ती पहिल्या ओळीत लिहा.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही लिहिलं होतं: ‘जँगो पोल्स ॲप चालत नाही, प्लीज हेल्प, अर्जंट.’ सोबत मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो. तुमचं घाबरणं मला कळतं, पण हे वाचणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. कामावरून थकून आलेला माणूस पाच-दहा मिनिटं कुणाला तरी मदत करावी म्हणून बसलाय. फोटोतला मजकूर त्याला कॉपी करता येत नाही, शोधता येत नाही. ‘चालत नाही’ म्हणजे पान उघडत नाही, की उघडतं पण मत मोजलं जात नाही, हे कळत नाही. तो पुढच्या प्रश्नाकडे जातो. तुमच्या इंग्रजीचा विचारही त्याच्या मनात येत नाही.

हाच प्रश्न मी असा लिहिला असता:

‘जँगो 5.2, पायथॉन 3.12, विंडोज 11. अधिकृत पोल्सचा चौथा भाग करते आहे. जेनेरिक व्ह्यू टाकण्यापूर्वी मतदान चालत होतं. ते टाकल्यावर यादी आणि प्रश्नाचं पान उघडतं, पण मत द्यायचं बटण दाबल्यावर खालचा टाइपएरर येतो. जेनेरिक व्ह्यूसाठी यूआरएलमध्ये क्वेश्चन_आयडीचं पीके केलं, एवढाच बदल. यूआरएलची पूर्ण फाइल, व्होट फंक्शन आणि पूर्ण ट्रेसबॅक खाली मजकूर म्हणून देत आहे. पीके हे नाव व्होटलाही लागतं का, एवढंच समजत नाहीये.’

हे लिहायला दहा मिनिटं लागतात. ‘एवढाच बदल’ हे लिहिता लिहिता तुमच्या स्वतःच्याच लक्षात येण्याची बरीच शक्यता आहे. माझे निम्मे प्रश्न पाठवण्याआधीच सुटतात. शेवटचं वाक्यही महत्त्वाचं आहे, कारण तिथे तुमचा अंदाज दिसतो. अंदाज चुकीचा असला तरी चालतो. कुणीतरी ‘नाही, व्होटला नको, कारण...’ असं सुरू करतो आणि ते ‘कारण’च तर आपल्याला हवं असतं.

ट्रेसबॅक, म्हणजे एररसोबत येणारी ओळींची यादी, पूर्ण द्या, वरपासून खालपर्यंत. शेवटची ओळ काय झालं ते सांगते, तिच्या वरच्या ओळी कुठे झालं ते सांगतात. ‘सेटिंग्ज’ची फाइल मात्र सबंध चिकटवू नका. तिच्यात ‘सीक्रेट_की’ असते, आणि पुढे डेटाबेस बदललात तर पासवर्डही असतो. लागेल तेवढाच तुकडा द्या. उदाहरणार्थ, मायग्रेशन (मॉडेलमधले बदल डेटाबेसमध्ये नेणं) करताना ‘काही बदल आढळले नाहीत’ असं येत असेल तर बहुधा ‘इन्स्टॉल्ड_ॲप्स’मध्ये पोल्स नोंदवायचं राहिलेलं असतं, तेव्हा तेवढी यादी पुरते.

एआय चॅटबॉटला विचारलं असेल तर तेही सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तो कधी कधी दोन आवृत्त्यांची सरमिसळ करून देतो आणि ती दुरुस्ती केल्यावर तुमची प्रत ना धड मूळ नमुना राहते, ना धड तुमची. मग पोल्सची ती सामाईक ओळख मोडते आणि मदत करणाऱ्याला सगळं उकरत बसावं लागतं. त्याने सुचवलेलं कोऱ्या प्रतीत करून बघा आणि ‘असं सुचवलं, केलं, हे झालं’ एवढं लिहा.

इंग्रजीबद्दल. जँगोचा जन्म अमेरिकेत, कॅन्ससमधल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वर्तमानपत्राच्या वेब विभागात 2003 साली झाला आणि जुलै 2005 मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. आज मात्र ते जगभरचं आहे आणि मदत करणाऱ्यांत कितीतरी जणांची मातृभाषा इंग्रजी नाही. त्यांना छोटी वाक्यंच आवडतात. ‘मी हे केलं. हे व्हायला हवं होतं. हे झालं.’ तीन वाक्यं, साधा भूतकाळ. एरर इंग्रजीतच असतो, कोड इंग्रजीतच असतो, उरतं ते एवढंच. आधी मराठीत लिहून काढा, मग एकेक वाक्य उतरवा. माझं स्वतःचं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झालं आणि मी आजही अवघड प्रश्न आधी मराठीत लिहितो. मराठीत लिहिताना पळवाट मिळत नाही, आपल्याला काय कळलेलं नाही ते लगेच उघडं पडतं.

कुठे विचारायचं? जँगोचा अधिकृत फोरम आहे, डिस्कॉर्ड या चॅटवरही जागा आहे. पोल्सच्या प्रश्नासाठी मी आधी फोरमवर जाईन, कारण तिथलं उत्तर टिकून राहतं आणि तुमच्यानंतर अडलेल्याला सापडतं. डिस्कॉर्ड पटकन शंका फेडायला बरं. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटवर विचारण्याआधी शोधा, पोल्सचे बहुतेक एरर तिथे पूर्वीच येऊन गेलेत, फक्त उत्तराची तारीख बघा. जँगोचा तिकीट ट्रॅकर मदतीसाठी नाही, तिथे जँगोतलेच दोष नोंदवतात. एक प्रश्न एका वेळी एकाच ठिकाणी विचारा. तीन ठिकाणी टाकून एका ठिकाणी सुटला आणि बाकीचे दोन तसेच राहिले, तर तिथे कुणीतरी सुटलेल्या गोष्टीवर आपला वेळ घालवत बसतो. उत्तरं देणाऱ्यांना खासगी निरोप पाठवणंही टाळा. चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला लोक तयार असतात, खासगीत त्यांच्यावर ओझं येतं.

आणि माणसं प्रत्यक्ष भेटतात तिथे जा, ताई. पुण्यात पायथॉनपुणेच्या बैठका होतात, मुक्त सॉफ्टवेअरवाल्या फॉस युनायटेडच्या भेटी अनेक शहरांत होतात. 2011 ची पायकॉन इंडिया, म्हणजे पायथॉनची परिषद, पुण्यातच झाली होती. तिथली भाषणं मला आता फारशी आठवत नाहीत, पण व्हरांड्यात जमिनीवर बसून एक अनोळखी मुलगा माझ्या लॅपटॉपवर टेम्प्लेटचं (पानाच्या साच्याचं) फोल्डर शोधत होता ते लख्ख आठवतं. टेम्प्लेट ‘टेम्प्लेट्स’मध्ये थेट न टाकता आत पुन्हा ‘पोल्स’ नावाचं फोल्डर का करायचं, ते त्याने मला दोन ॲप बनवून दाखवलं. दोन्ही ॲपमध्ये ‘इंडेक्स’ नावाचंच टेम्प्लेट होतं आणि दुसऱ्या ॲपचं पान उघडलं की पहिल्याचं दिसत होतं, कारण जँगो त्या नावाचं पहिलं सापडेल ते उचलतो. धड्यात हे लिहिलेलंच आहे. पण मला कळलं ते तिथे. बायकांसाठी जँगो गर्ल्सच्या कार्यशाळाही होतात. ही चळवळ 2014 मध्ये बर्लिनमधून सुरू झाली आणि त्यांचा स्वतःचा नमुना म्हणजे एक ब्लॉग आहे, पोल्सपेक्षा हळू चालणारा. पोल्स फार वेगाने जातंय असं वाटलं तर मध्ये तो करून या.

‘चालत नाही’ याहून चांगला प्रश्न ‘असं का केलंय?’ हा असतो, आणि त्याला लोक मन लावून उत्तर देतात. पोल्समध्ये अशा जागा पुष्कळ आहेत. मत वाढवताना सरळ एक मिळवण्याऐवजी ‘एफ’ का वापरलंय, ते विचारून बघा. दोघांनी एकाच क्षणी मत दिलं तर दोघांनाही जुनी संख्या 42 दिसते, दोघंही 43 साठवतात आणि एक मत हरवतं. ‘एफ’मुळे बेरीज डेटाबेसमध्येच होते. हे एकदा समजलं की पुढे बँकेच्या शिलकीचा कोड लिहितानाही तुम्ही थबकाल. तसंच ‘वॉज_पब्लिश्ड_रिसेंटली’ ही मेथड. भविष्यातल्या तारखेचा प्रश्नही तिला ‘नुकताच प्रकाशित’ वाटतो. हे तुम्हाला दुसऱ्या भागातच खटकलं तर शाबास, पण आपलंच काहीतरी चुकलं म्हणून रात्र घालवू नका. पाचव्या भागात धडा स्वतःच तो दोष दाखवतो आणि त्यावरच टेस्ट (कोड तपासणारा कोड) लिहायला शिकवतो.

उत्तर मिळालं की तिथेच खाली लिहा: काय चुकलं होतं, काय बदललं, आता चालतंय. नुसतं ‘थँक्स, झालं’ लिहून निघून गेलेले धागे मी शेकड्यांनी बघितलेत. पुढच्या माणसाला त्यांचा काहीही उपयोग होत नाही. आणि तुम्ही पाचव्या भागावर असाल तर चौथ्यात अडलेल्याला उत्तर द्यायला तुम्ही माझ्यापेक्षा लायक आहात. पीके आणि क्वेश्चन_आयडीचा गोंधळ कसा वाटतो हे मला आता आठवावं लागतं, तुम्हाला कालचं आहे. त्यापुढे धड्यातच एखादी ओळ अस्पष्ट वाटली तर ती सुधारायलाही हात लावता येतो. पहिलं योगदान कसं द्यायचं याचा जँगोमध्ये वेगळा धडा आहे. त्यात चक्क टोस्ट बनवणारं ‘मेक_टोस्ट’ नावाचं काल्पनिक फंक्शन जोडायला लावतात, म्हणजे खऱ्या कोडला धक्का न लावता सगळी पद्धत हाताखालून जाते. सोबतीने शिकायचं असेल तर जँगोनॉट स्पेस हा आठ आठवड्यांचा उपक्रम आहे. पोल्स संपवून, स्वतःचं एखादं छोटं ॲप करून मग तिकडे बघा.

राहिली तुमची साडेपाच तासांची गोष्ट. सेटिंग्जमध्ये ‘टाइम_झोन’ला मुळात ‘यूटीसी’ (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलेलं असतं आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच ती बदलायला सांगितलंय, पण ते एकच वाक्य आहे आणि सगळे त्यावरून पुढे जातात. तिथे ‘एशिया/कोलकाता’ लिहा आणि सर्व्हर पुन्हा चालू करा. ॲडमिनमध्ये तारखेच्या खाली ‘तुम्ही सर्व्हरच्या 5.5 तास पुढे आहात’ अशी बारीक अक्षरांतली इंग्रजी सूचना येत होती ना? ती दिसेनाशी होईल.